पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? हायकोर्टाचा एक प्रश्न, गोविंदाच्या पायातली गोळी आणि ‘मॅगझिन काढली होती ना’ हा गैरसमज

२५ सप्टेंबर २०२४. मुंबई उच्च न्यायालयात बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे याच्या पोलीस गोळीबारातल्या मृत्यूवर सुनावणी सुरू होती. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने सरकारी पक्षाला एक प्रश्न विचारला, तो साधारण असा: ते हत्यार पिस्तूल होतं की रिव्हॉल्व्हर?

बरोबर सहा दिवसांनी, १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, अभिनेता गोविंदा जुहूच्या घरातून कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. कपाटात ठेवताना त्याचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात घुसली.

दोन बातम्या, एकाच आठवड्यातल्या. आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा सगळेच हत्यारांचे तज्ज्ञ झाले होते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मूळ गाव वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं. ग्रुपवरचे मेसेज मी वाचत होतो आणि सोडून देत होतो. पण दसऱ्याच्या दिवशी माझ्या बारावीतल्या चुलत भावाचा फोटो आला. शस्त्रपूजनाला त्याच्या मित्राच्या घरी गेला होता, तिथे परवान्याचं पिस्तूल होतं. फोटोत ते पिस्तूल मित्राच्या हातात, नळी थेट भावाच्या छातीकडे, आणि दोघं हसतायत.

मी फोन लावला. तो म्हणाला, “दादा, टेन्शन नको घेऊ ना. मॅगझिन काढली होती त्याची. आन् कोर्टानंच म्हटलं ना, पिस्तूल असं सहज नाही चालत म्हणून!”

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. कोर्ट जे म्हणालं ते वेगळं होतं, भावाला जे समजलं ते वेगळं होतं, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत माणसं मरतात. सो, बेसिकपासून सुरुवात करू.

रिव्हॉल्व्हर: फिरणारा डबा

रिव्हॉल्व्ह म्हणजे फिरणं. हत्याराच्या मध्यभागी एक गोल सिलिंडर असतं, त्यात बहुतेक वेळा सहा खोबणी. प्रत्येक खोबणीत एक काडतूस. दर वेळी सिलिंडर एक घर पुढे सरकतं आणि नवं काडतूस नळीसमोर येतं. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत याचं पेटंट १८३६ मध्ये घेतलं. म्हणजे ही कल्पना जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे.

आता यात दोन प्रकार येतात.

*सिंगल अॅक्शन:* इथे ट्रिगर एकच काम करतो, हॅमर सोडायचं. हॅमर म्हणजे मागची ती छोटी हातोडी, जी काडतुसाच्या बुडावर आपटते. ती मागे खेचायचं काम तुम्हाला अंगठ्याने करावं लागतं, प्रत्येक गोळीला. अंगठ्याने हॅमर मागे, सिलिंडर फिरलं, मग ट्रिगर. परत अंगठा, परत ट्रिगर. काऊबॉयच्या सिनेमात जे दिसतं ते हेच. १८७३ चं कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल.

*डबल अॅक्शन:* इथे ट्रिगर दोन कामं करतो. दाबायला लागलं की हॅमर मागे जातो, सिलिंडर फिरतं, आणि शेवटी हॅमर सुटतो. अंगठ्याचं काम संपलं. पण फुकटात काही मिळत नाही: दोन कामं एका बोटावर आल्यामुळे ट्रिगर जड होतो. ढोबळमानाने सिंगल अॅक्शनचा ट्रिगर दीड-दोन किलोच्या जोरात सुटतो, डबल अॅक्शनला पाच किलोच्या आसपास लागतात. जड ट्रिगरने नेम हलतो. पण तोच जडपणा चुकून गोळी सुटण्यापासून थोडंफार वाचवतो.

हा वाद नवा नाही. १८५० च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता: कोल्टचं सिंगल अॅक्शन घ्यायचं की रॉबर्ट अॅडम्सचं फक्त ट्रिगरवर चालणारं? १८५४ च्या इंकरमनच्या लढाईनंतर एका अधिकाऱ्याने लिहून कळवलं होतं की चार-पाच शत्रू अंगावर आले तेव्हा हॅमर खेचत बसायला वेळच नव्हता, अॅडम्समुळे तो वाचला. नेम लांबून धरायचा तर कोल्ट, अंगावर आलं तर अॅडम्स. १८५६ मध्ये बोमाँट-अॅडम्सने दोन्ही एकाच हत्यारात आणलं. आज भारतात परवान्यावर मिळणारं .३२ चं रिव्हॉल्व्हर त्याच वंशातलं: हॅमर खेचून चालवा, नाहीतर थेट ट्रिगर दाबा.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल: दोन जागी गोळ्या

पिस्तुलात सिलिंडर नसतं. मुठीत मॅगझिन बसते, तिच्यात गोळ्या एकावर एक, खाली स्प्रिंग. नळीच्या मागच्या टोकाला एक खोली असते, तिला चेंबर म्हणतात. गोळी सुटते ती फक्त चेंबरमधून. वरचा जो भाग मागे-पुढे सरकतो तो स्लाइड.

पहिल्या वेळी स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून सोडावी लागते. ती पुढे येताना मॅगझिनमधली वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये नेते. त्यानंतर प्रत्येक गोळीच्या धक्क्याने स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि नवी गोळी आत भरते. तुम्ही फक्त ट्रिगर दाबायचा, एका दाबाला एक गोळी. म्हणून ‘सेमी’ ऑटोमॅटिक. बातम्यांत सरसकट ‘ऑटोमॅटिक पिस्तूल’ लिहितात, पण ट्रिगर धरून ठेवला तर गोळ्या सुटतच राहतात ते खरं ऑटोमॅटिक.

गंमत म्हणजे बरीच पिस्तुलंसुद्धा ‘सिंगल अॅक्शन’च असतात. बीजीएमआयमध्ये सुरुवातीला हाती लागणारं पी१९११ आठवतंय? खरं कोल्ट १९११ सिंगल अॅक्शन आहे. फरक इतकाच की हॅमर खेचायचं काम अंगठ्याऐवजी स्लाइड करते. त्याच गेममधलं आर१८९५ रिव्हॉल्व्हर एकेक गोळी भरत बसतं आणि तेवढ्यात तुम्ही नॉक होता. हा फरक गेमने बरोबर दाखवलाय. पण गेमने एक गोष्ट लपवलीय: चेंबर. तिथे ‘रीलोड’ हे एक बटण आहे. खऱ्या हत्यारात ती एक अवस्था आहे, आणि सगळा मामला त्या अवस्थेचा आहे.

मग हायकोर्टाने तो प्रश्न का विचारला?

आम्ही कोड लिहिताना एखाद्या गोष्टीच्या ‘स्टेट’ मांडतो: ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे आणि काय केल्यावर पुढच्या अवस्थेत जाईल. हत्यारं तशी मांडून बघू.

डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या दोनच अवस्था: भरलेलं किंवा रिकामं. भरलेलं असेल तर ट्रिगर दाबला की चाललं. ज्याने आयुष्यात हत्यार धरलं नाही त्यालाही जमेल.

पिस्तुलाच्या जास्त अवस्था आहेत. मॅगझिन बसवलेली पण चेंबर रिकामं: ट्रिगर दाबा, काही होणार नाही. चेंबर भरलेलं पण सेफ्टी लावलेली: तरीही नाही. चेंबर भरलेलं, सेफ्टी काढलेली: आता चालेल. पहिल्या अवस्थेतून तिसरीत जायला स्लाइड ओढावी लागते. तिची स्प्रिंग कडक असते, ढोबळमानाने सात-आठ किलो वजन ओढण्याइतका जोर लागतो. शिवाय पद्धत माहीत हवी, अर्धवट ओढली तर गोळी अडकते.

पोलिसांचं म्हणणं होतं की २३ सप्टेंबरला तळोजा कारागृहातून नेताना, मुंब्रा बायपासजवळ, आरोपीने गाडीत एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि प्रत्युत्तरात तो मारला गेला. खंडपीठाचा मुद्दा सरळ होता: रिव्हॉल्व्हर कोणीही चालवेल, पण पिस्तुलाची स्लाइड ओढायला ताकद आणि सवय लागते, मग प्रशिक्षण नसलेल्या माणसाने ते झटापटीत कसं केलं? झटापटीतच पिस्तूल लोड झालं, असं सरकारी बाजूचं उत्तर होतं.

लक्षात घ्या, ‘पिस्तूल होतं म्हणून तो चालवूच शकला नसता’ हे यातून सिद्ध होत नाही. चेंबर आधीच भरलेलं असेल तर स्लाइड ओढायचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे खरा प्रश्न असा बनतो: त्या क्षणी ते पिस्तूल कोणत्या अवस्थेत होतं, आणि आरोपीला नेताना ते त्या अवस्थेत का होतं? याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर मिळत नाही. ते बोटांचे ठसे, हातावरचे बारुदाचे कण, टरफलं कुठे पडली, यातून मिळतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टापुढे आला, त्यात पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नसल्याची नोंद होती. ७ एप्रिल २०२५ ला हायकोर्टाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. निकाल न्यायालयं देतील. पण एका साध्या यांत्रिक प्रश्नाने सरकारी कहाणी तपासायला भाग पाडलं, हे मला इंजिनिअर म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. आरोप कितीही घृणास्पद असला तरी मशीन कसं चालतं हे बदलत नाही.

गोविंदाची गोळी: पडल्यावर हत्यार का सुटतं?

रिव्हॉल्व्हर साधं, म्हणजे सुरक्षित, असा एक समज आहे. गोविंदाच्या प्रकरणात रिव्हॉल्व्हर होतं.

जुन्या रचनेत हॅमर खाली असतो तेव्हा त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेलं असतं. हत्यार नेमकं हॅमरवर आपटलं तर तो धक्का काडतुसाला बसतो आणि गोळी सुटते. ट्रिगरला कोणी हात लावायची गरज नाही. म्हणून जुन्या सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हरवाल्यांची पद्धत होती: सहा घरं, पाचच गोळ्या, हॅमर रिकाम्या घरावर. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर प्रत्यक्षात पाचचं असायचं.

यावर उपाय निघाले. हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये एक पट्टी ठेवायची, ट्रिगर पूर्ण दाबला तरच मार्ग मोकळा होतो. कोल्टने असा अडथळा १९०५ च्या सुमारास डबल अॅक्शनमध्ये आणला. सिंगल अॅक्शनमध्ये अमेरिकेतल्या रूगर कंपनीने १९७३ पासून ट्रान्सफर बार बसवला: हॅमर थेट पोचतच नाही, मधला दांडा वर आला तरच ठोका पुढे जातो.

पिस्तुलातही तसंच. १९८० च्या दशकात ग्लॉकने ट्रिगर, पिन आणि पडण्यापासून संरक्षण अशा तीन सेफ्टी आतच बसवल्या. पण ‘नवीन म्हणजे सुरक्षित’ हेही खरं नाही. सिग सावर या मोठ्या कंपनीच्या पी३२० पिस्तुलात विशिष्ट कोनात पडल्यावर गोळी सुटू शकते असं समोर आलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. आपल्या भाषेत, हार्डवेअरचा बग आणि त्यावर पॅच.

गोविंदाच्या हत्याराच्या आत नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. पण एक गोष्ट रिव्हॉल्व्हर-पिस्तूल वादाच्या पलीकडची आहे: कपाटात ठेवायच्या हत्यारात गोळ्या नसत्या, तर ते पडून फरशीची टाइल तेवढी फुटली असती.

आता भावाच्या फोटोकडे

“मॅगझिन काढली होती ना.” पिस्तुलाबद्दलचा सगळ्यात जीवघेणा गैरसमज हाच.

वर सांगितलं तसं, पिस्तुलात गोळ्या दोन जागी असतात: मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये. मॅगझिन काढली म्हणजे फक्त एक जागा रिकामी झाली. फोनमधलं मेमरी कार्ड काढलं म्हणून फोनमधले फोटो गेले का? नाही ना, इंटर्नल स्टोरेज आहेच. चेंबर हे पिस्तुलाचं इंटर्नल स्टोरेज आहे. तिथे एक गोळी राहिलेली असेल, तर कित्येक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती झाडतात. काही मॉडेलमध्ये मॅगझिन काढल्यावर ट्रिगर बंद होतो, काहींत होत नाही, आणि बाहेरून बघून तुम्हाला ते कळणार नाही.

इथे रिव्हॉल्व्हर खरंच सोपं आहे. सिलिंडर उघडलं की घरं डोळ्यासमोर दिसतात, भरलेली की रिकामी. पिस्तुलात क्रम पाळावा लागतो: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढली, तर तुम्ही स्वतःच चेंबर भरून ठेवलेलं असतं आणि वर ‘रिकामं केलं’ या खात्रीत असता.

भावाला मी हे फोनवर सांगितलं. पहिल्यांदा तो हसला. मग विचारलं, “त्यानं स्लाइड ओढून पाह्यली होती का?” तो गप्प. मग म्हणाला, “मले नाही माहीत, दादा.” फोटोत नळी त्याच्या छातीकडे होती.

‘प्रॅक्टिकल’ कोणतं? सरळ तुलना

- शिकायला: डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हर सोपं. सिंगल अॅक्शनला दर वेळी अंगठा. पिस्तुलाला स्लाइड, सेफ्टी, मॅगझिन, सगळ्याचा सराव हवा.
- गोळ्या: रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण सहा. पिस्तुलात मॉडेलनुसार सात-आठ ते सतरा.
- परत भरायला: पिस्तुलाची मॅगझिन दोन-तीन सेकंदांत बदलते. जुन्या सिंगल अॅक्शनमध्ये बाजूच्या छोट्या दारातून एकेक टरफल काढा, एकेक काडतूस भरा.
- अडकलं तर: रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर परत ट्रिगर दाबा, पुढचं घर येतं. पिस्तूल अडकलं तर ते मोकळं करायचं शिक्षण हवं. मात्र रिव्हॉल्व्हरचं आतलं यंत्र बिघडलं तर काम थेट कारागिराकडे.
- रिकामं आहे का ते तपासायला: रिव्हॉल्व्हर पुढे, पिस्तूल मागे.

जगभरचे पोलीस पिस्तुलाकडे का वळले? ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली, त्यात दोन एजंट मारले गेले. बऱ्याच एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होती आणि गोळीबार चालू असताना ती परत भरणं त्यांना जड गेलं. त्यानंतर अमेरिकेत पोलिसांची रिव्हॉल्व्हर झपाट्याने गेली.

आपल्याकडे हा बदल बंडाच्या वाटेने आधीच पोचला होता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या दुहेरी तळातून भारतात आली होती. ब्राउनिंगची पिस्तुलं तेव्हा जगातलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान होती: चपटी, लपवायला सोपी, अंगठ्याने हॅमर खेचायची गरज नाही. वीस रिव्हॉल्व्हर त्या पेटीत मावलीही नसती बहुतेक.

आज भारतातल्या सामान्य माणसाला ९ मिमी मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून परवान्यावर बहुतेकांकडे .३२ दिसतं. यातही एक घोळ: रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. नाव एक, लांबी आणि बूड वेगळं. चार्जरच्या पिनसारखं समजा. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणलं, साधारण अर्धा किलोचं टायटॅनियम मिश्रधातूचं रिव्हॉल्व्हर, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. हलकं हत्यार पर्समध्ये मावतं, पण हलक्या हत्याराचा झटका जास्त लागतो. आणि सव्वा लाख कोणत्या महिलेकडे असतात, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

आपल्या वाशिमात याचा उपयोग काय?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काका तुरीत उभे राहून म्हणाले, “बाप्पा, रानडुकरं आन् रोही काहीच ठेवत नाहीत. लायसन काढून एखांदं पिस्तूल घेऊन टाकाव काय?” त्यांचा वैताग खरा आहे. रात्रभर जागल करूनही सकाळी अर्धं वावर लोळवलेलं असतं.

पण पिस्तूल काय आणि रिव्हॉल्व्हर काय, छोट्या नळीचं हत्यार अंधारात पळणाऱ्या डुकरावर चालत नाही. सराव असलेल्या माणसाचाही नेम पंधरा-वीस मीटरच्या पुढे डगमगतो. कायद्याने हे आधीच ओळखलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो भरमार बंदुकीचा, पिस्तुलाचा नाही. आणि परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सव्वा लाखात कुंपणाचं बरंच काम होतं. नुकसान झालं की लगेच फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करणं, हे त्या पिस्तुलापेक्षा जास्त पैसे वाचवेल. काकांचा पहिला अर्ज मी त्यांच्या फोनवरून भरून दिला. भरपाई नुकसानीच्या मानाने कमीच असते, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण त्यावरचा उपाय कपाटात भरलेलं हत्यार हा नाही.

आणि रील?

सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने चर्चेत आले. बाराशेच्या वर परवाने असल्याचं समोर आलं, परळीतला हवेत गोळीबाराचा व्हिडिओ फिरला, आणि नंतर प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. हत्यार संरक्षणासाठी किती आणि दाखवण्यासाठी किती, हा प्रश्न तिथून पूर्ण राज्याला विचारला गेला. तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगतो:

- २१ वर्षांखालच्यांना शस्त्र परवाना मिळत नाही. २०१६ च्या नियमांनुसार परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती.
- विनापरवाना बंदूक किंवा पिस्तूल बाळगलं तर किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ‘मित्राचं आहे, फक्त रीलसाठी धरलं’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.
- लग्नात, मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

आणि गावठी कट्टा. सातपुड्यात, चोपड्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या ठिकाणांहून येणारी हत्यारं महाराष्ट्रभर पकडली जातात. वर लिहिलेल्या सगळ्या सेफ्टी, ट्रान्सफर बार, पिन अडवणारे भाग, यातलं काहीही त्यात असेल याची हमी नाही. नळीचं लोखंड काडतुसाचा दाब सहन करेल याचीही नाही. फुटला तर धरणाऱ्याच्या हातात फुटतो.

पुढची बातमी आली की

‘पिस्तूल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात, कधीकधी एकाच बातमीत. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हत्यार नेमकं कोणतं होतं? त्या क्षणी ते कोणत्या अवस्थेत होतं, चेंबर भरलेलं होतं का? आणि हे कोणी तपासून सांगितलं, की कोणी नुसतं म्हटलं?

कोणी समोर हत्यार धरलं आणि ‘रिकामं आहे’ म्हणालं, तर प्रश्न विचारत बसू नका, आधी नळीसमोरून बाजूला व्हा.

भावाने तो फोटो डिलीट केला. त्याच्या मित्राला हा लेख पाठवायचं त्याने कबूल केलंय. पाठवला की नाही, ते मी पोळ्याला गावी गेलो की विचारणार आहे. तुमच्या ग्रुपवर असा एखादा फोटो असेल, तर तुम्हीही विचारा.